फुटबॉलमधील दांडगे खेळाडू

शारीरिक बळ, जोरदार धडक आणि मनात बसणारा धाक यांच्या आधारे प्रतिस्पर्ध्याला रोखणाऱ्या फुटबॉलपटूंना मराठीत दांडगे, रांगडे किंवा आडदांड खेळाडू म्हटले जाते. असे खेळाडू बहुधा बचावफळीत किंवा मधल्या फळीच्या मागच्या बाजूस खेळतात. फुटबॉलमध्ये शारीरिक संपर्काला मर्यादित परवानगी आहे. ही मर्यादा कोठे संपते आणि दांडगाई कोठे सुरू होते, हा प्रश्न खेळाच्या नियमांइतकाच जुना आहे. दांडग्या खेळाडूंचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या मर्यादारेषेचा इतिहास होय.

संज्ञा आणि अर्थच्छटा

मराठी क्रीडावृत्तांत या प्रकारच्या खेळासाठी अनेक विशेषणे वापरली जातात. त्यांचे अर्थ जवळचे असले तरी एक नाहीत. ‘दणकट’ आणि ‘चिवट’ हे शब्द खेळाडूचे शरीरबळ व सहनशक्ती दाखवतात आणि ते नेहमी प्रशंसेच्या अर्थाने येतात. ‘रांगडा’ या शब्दात बळाबरोबर ग्रामीण मोकळेपणाची छटा आहे. ‘धसमुसळा खेळ’ म्हणजे समोरच्याला इजा होईल याची पर्वा न करता केलेला खेळ. ‘आडदांड’ या शब्दात बेमुर्वतपणा सूचित होतो. ‘दांडगा’ हा शब्द मात्र दोन्ही बाजूंना झुकतो. ‘दांडगा अभ्यास’, ‘दांडगा उत्साह’ यांत तो गौरवाचा आहे, तर ‘दांडगाई’ या नामात तो दोषाचा होतो. इंग्रजी फुटबॉलमध्ये यासाठी ‘हार्ड मॅन’ ही संज्ञा रूढ असून तिच्यातही कौतुक आणि निषेध असे दोन्ही अर्थ मिसळलेले आहेत.

खेळातील भूमिका

फुटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याच्या पायातील चेंडू काढून घेणे, उंच चेंडूसाठी हवेत झेपावणे आणि खांद्याला खांदा भिडवून जागा मिळवणे ही वैध कौशल्ये आहेत. या तिन्हींत शरीरबळाचा उपयोग होतो. चेंडू खेळण्याच्या अंतरात असताना खांद्याने दिलेली धडक बेफिकीर किंवा अतिरेकी नसेल तर ती नियमबाह्य ठरत नाही. सामन्याच्या प्रारंभीच अशी एखादी जोरदार पण वैध धडक दिली, की समोरचा आघाडीपटू पुढील वेळी चेंडू स्वीकारताना किंचित बिचकतो. त्या क्षणभराच्या बिचकण्याचा लाभ बचावपटूला मिळतो. धाकाचे तंत्र ते एवढेच. त्यासाठी प्रत्यक्ष इजा करण्याची गरज नसते.

दांडगेपणाचा संबंध केवळ उंचीशी किंवा वजनाशी नसतो. २००६ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या इटली संघाचा कर्णधार फाबियो कानावारो उंचीने सामान्य होता. तरीही आपल्यापेक्षा उंच आघाडीपटूंना तो हवेत रोखू शकत असे. त्या वर्षीचा बालों द’ऑर पुरस्कार त्याला मिळाला. वेळेचा अचूक अंदाज, शरीराचा तोल आणि पायांची योग्य ठेवण या गोष्टी बळाइतक्याच महत्त्वाच्या असतात. ज्याचा अंदाज चुकतो, त्याचेच पाऊल बहुधा चेंडूऐवजी प्रतिस्पर्ध्याच्या घोट्यावर पडते.

नियमांची चौकट

फुटबॉलच्या नियमावलीतील १२वा नियम नियमभंग व गैरवर्तन यांविषयी आहे. त्यात शारीरिक नियमभंगाच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत.

पहिली पायरी बेफिकीर कृतीची. येथे खेळाडूने पुरेशी काळजी घेतलेली नसते. अशा वेळी प्रतिपक्षाला फ्री किक मिळते, पण केवळ त्यासाठी कार्ड दाखवले जात नाही.

दुसरी पायरी बेदरकार कृतीची. प्रतिस्पर्ध्याला असलेल्या धोक्याकडे खेळाडूने दुर्लक्ष केलेले असते. त्यास पिवळे कार्ड दाखवून ताकीद दिली जाते.

तिसरी पायरी अवाजवी बळाची. आवश्यकतेपेक्षा अधिक बळ वापरून प्रतिस्पर्ध्याची सुरक्षितता धोक्यात आणल्यास लाल कार्ड दाखवून खेळाडूला मैदानाबाहेर काढले जाते. उरलेला सामना त्या संघाला एक खेळाडू कमी घेऊन खेळावा लागतो.

या व्यवस्थेत इजा करण्याचा हेतू सिद्ध होणे आवश्यक मानलेले नाही. कृती किती धोकादायक होती, हे पाहिले जाते. त्यामुळे ‘मला चेंडूच खेळायचा होता’ हा खेळाडूचा नेहमीचा बचाव पंचांवर बंधनकारक ठरत नाही.

ही चौकट टप्प्याटप्प्याने घडली. १९६२ च्या विश्वचषकात २ जून रोजी सँटियागो येथे झालेला चिली व इटली यांचा सामना हाणामारीमुळे कुप्रसिद्ध झाला. त्या सामन्याचे पंच इंग्लंडचे केन ॲस्टन होते. पुढे त्यांनीच वाहतुकीच्या दिव्यांवरून पिवळ्या व लाल कार्डांची कल्पना मांडली. भाषा वेगळी असली तरी पंचाचा निर्णय खेळाडूला व प्रेक्षकांना एकाच वेळी कळावा, हा त्यामागील उद्देश होता. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डे प्रथम वापरात आली. विश्वचषकातील पहिले लाल कार्ड १९७४ मध्ये चिलीच्या कार्लोस कास्झेली याला दाखवण्यात आले.

१९९० मध्ये पायाच्या नडगीचे रक्षण करणारी कवचे वापरणे सक्तीचे झाले. १९९८ मध्ये, पाठीमागून येऊन प्रतिस्पर्ध्याची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्या टॅकलला थेट लाल कार्डाची शिक्षा ठरवण्यात आली. २०१८ च्या विश्वचषकात चित्रफितीच्या साह्याने निर्णय तपासणारे साहाय्यक पंच नेमले गेले. पंचाची पाठ वळताच मारलेला कोपर किंवा लाथ पूर्वी सुटून जात असे. आता तो मार्ग बराच बंद झाला आहे.

जागतिक फुटबॉलमधील उदाहरणे

इंग्लंडमध्ये १९६० आणि १९७० ची दशके दांडग्या बचावपटूंची मानली जातात. चेल्सीचा रॉन हॅरिस ‘चॉपर’ या टोपणनावाने ओळखला जाई. त्याने या क्लबकडून ७९५ सामने खेळले. लीड्स युनायटेडचा नॉर्मन हंटर, लिव्हरपूलचा टॉमी स्मिथ हे त्याच परंपरेतील होते. हे खेळाडू केवळ धसमुसळे नव्हते. व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने १९७४ मध्ये प्रथमच वर्षातील सर्वोत्तम खेळाडू निवडला, तेव्हा सहकाऱ्यांनी मते दिली ती हंटरला. टॉमी स्मिथने १९७७ च्या युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात गोल केला होता.

विम्बल्डन संघाचा विनी जोन्स हा पुढील पिढीतील सर्वांत गाजलेला दांडगा खेळाडू. पूर्वी बांधकामावर मजुरी करणारा जोन्स १९८८ चा एफए चषक जिंकणाऱ्या संघात होता. १९९२ मध्ये दांडग्या खेळाडूंच्या क्लृप्त्यांचा गौरव करणाऱ्या एका चित्रफितीचे निवेदन केल्याबद्दल इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने त्याला २०,००० पौंड दंड केला. दांडगाईला मनोरंजन म्हणून विकण्यावर खेळाच्या प्रशासनाने केलेली ही कारवाई लक्षणीय मानली जाते. निवृत्तीनंतर जोन्स चित्रपटांत खलप्रवृत्तीच्या भूमिका करू लागला.

इटलीचा क्लाउडिओ जेंतिले हा माणसाला माणूस जखडून ठेवण्याच्या पद्धतीचा प्रतिनिधी होता. १९८२ च्या विश्वचषकात त्याने अर्जेंटिनाच्या दिएगो मॅराडोनाला वारंवार धक्के देत, अडवत निष्प्रभ केले. ब्राझीलविरुद्धच्या सामन्यात त्याच्या ओढाताणीत झिकोचा सदरा फाटला. इटलीने ती स्पर्धा जिंकली. आजच्या निकषांवर असा खेळ पूर्ण सामनाभर चालू शकला नसता.

२४ सप्टेंबर १९८३ रोजी बार्सिलोना येथे ॲथलेटिक बिल्बाओच्या आंदोनी गोइकोएचेया याने पाठीमागून केलेल्या टॅकलमुळे मॅराडोनाचा घोटा मोडला. याआधी १९८१ मध्ये बार्सिलोनाच्याच बर्न्ड शुस्टरला त्याच्यामुळे गुडघ्याची गंभीर दुखापत झाली होती. वृत्तपत्रांनी त्याला ‘बिल्बाओचा खाटीक’ असे नाव दिले. मे १९८४ मध्ये याच दोन संघांतील स्पॅनिश चषकाचा अंतिम सामना संपताच मैदानात हाणामारी झाली. तिच्यात स्वतः मॅराडोनाही आघाडीवर होता. एका दांडगाईतून दुसरी कशी जन्मते, याचे हे उदाहरण आहे.

याच्या विरुद्ध टोकाला वेल्सचे जॉन चार्ल्स येतात. भरदार देहाचे चार्ल्स बचावपटू व आघाडीपटू अशा दोन्ही भूमिकांत खेळत. १९५७ ते १९६२ या काळात ते इटलीच्या युव्हेंतुस संघात होते आणि त्या संघाने तीन वेळा इटालियन लीग जिंकली. संपूर्ण कारकिर्दीत त्यांना एकदाही मैदानाबाहेर काढले गेले नाही. इटालियन प्रेक्षकांनी त्यांना ‘सौम्य महाकाय’ या अर्थाचे नाव दिले. बळ आणि दांडगाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगताना त्यांचे नाव हमखास घेतले जाते.

भारतीय फुटबॉल

भारतात या परंपरेचा आरंभ अनवाणी खेळाडूंपासून होतो. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आयएफए शील्ड जिंकली. त्या संघातील एक खेळाडू वगळता सर्व जण अनवाणी होते, तर समोरचे सैनिक जाड चामड्याचे बूट घालून खेळत होते. अशा स्थितीत बचावपटूच्या पायाला होणारी इजा हा खेळाचाच भाग होता.

याच क्लबचे गोष्ठ पाल (जन्म १८९६) हे पुढील काळातील सर्वश्रेष्ठ बचावपटू मानले जातात. बूट घातलेल्या गोऱ्या खेळाडूंना अनवाणी पायांनी रोखणाऱ्या पाल यांना ‘चीनची भिंत’ या अर्थाचे टोपणनाव मिळाले. १९६२ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. हा सन्मान मिळवणारे ते पहिले फुटबॉलपटू होत. पारतंत्र्याच्या काळात त्यांचा दणकटपणा प्रेक्षकांना राष्ट्रीय स्वाभिमानाचे प्रतीक वाटत असे. पुढे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा पराभव झाल्यानंतर भारतात बूट घालून खेळणे बंधनकारक झाले.

जर्नेलसिंग ढिल्लों हे स्वातंत्र्योत्तर काळातील सर्वांत दणकट भारतीय बचावपटू. १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत थायलंडविरुद्धच्या सामन्यात त्यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी पुढील सामन्यांत त्यांना बचावफळीतून काढून आघाडीला खेळवले. अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले. भारताचे गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी केले. जर्नेलसिंग यांना १९६४ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. अलीकडच्या काळात संदेश झिंगन हा याच घडणीचा बचावपटू असून त्याला २०२० चा अर्जुन पुरस्कार देण्यात आला.

महाराष्ट्र आणि गोवा

मुंबईत १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषकात प्रारंभी ब्रिटिश लष्करी पलटणींचे संघ प्रबळ होते. धिप्पाड सैनिकांचा धडकेचा खेळ मुंबईकरांनी प्रथम या स्पर्धेत पाहिला. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्स या संघाने हा चषक जिंकला आणि तो मिळवणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला.

मराठी मुलखात फुटबॉल आणि शरीरबळ यांचा सर्वांत जवळचा संबंध कोल्हापुरात दिसतो. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेल्या आश्रयामुळे शहरातील पेठापेठांत तालमी उभ्या राहिल्या. पुढे याच तालमींनी फुटबॉलचे संघ बांधले. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ या संघांच्या नावांतच हा वारसा टिकून आहे. येथील संघ हा केवळ अकरा खेळाडूंचा गट नसून पेठेची इभ्रत असतो. तालमीतील जोर-बैठकांनी घडलेले शरीर, पेठेचा अभिमान आणि शाहू स्टेडियमवरील भरगच्च गर्दी यांमुळे कोल्हापूरच्या फुटबॉलला ईर्षेची धार आली. या ईर्षेने खेळ जिवंत ठेवला. मात्र मैदानातील धसमुसळेपणा प्रेक्षकांत पोहोचून हुल्लडबाजी व दगडफेक झाल्याचे प्रसंगही घडले आहेत.

कुस्तीच्या दृष्टीने पाहता ही विसंगती लक्षात येते. कुस्तीत दोन्ही मल्ल पकडीला तयार असतात आणि सलामी देऊनच लढतीला आरंभ करतात. फुटबॉलमध्ये धडक खाणाऱ्याची दृष्टी बहुधा चेंडूवर असते. त्यामुळे तेच बळ येथे अधिक धोकादायक ठरू शकते.

गोव्यात फुटबॉलची परंपरा पोर्तुगीज काळापासून आहे. धेंपो क्लबकडून व भारतीय संघातून खेळलेला महेश गवळी (जन्म १९८०) हा गोमंतकीय बचावपटूंमधील प्रमुख होय.

रायगड किनारपट्टी आणि कबड्डीशी तुलना

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर उरण, पेण, अलिबाग, मुरूड आदी तालुक्यांत शारीरिक संपर्काचा मुख्य खेळ फुटबॉल नसून कबड्डी आहे. आगरी व कोळी वस्तीच्या गावांत कबड्डीची मंडळे असून भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतांत प्रकाशझोतातील स्पर्धा भरतात. फुटबॉलचा प्रसार येथे मुख्यतः शाळा, औद्योगिक वसाहती आणि पनवेल परिसरातील नव्या नागरी वस्तीमुळे होत आहे. खारघर येथे सिडकोने फुटबॉलचे उत्कृष्टता केंद्र उभारले आहे. कबड्डीची सवय असलेला विद्यार्थी फुटबॉलकडे वळतो, तेव्हा दोन्ही खेळांतील बळाच्या वापराचा फरक त्याला समजून घ्यावा लागतो.

कबड्डीत पकड हाच खेळाचा गाभा आहे. चढाईपटूचा घोटा, मांडी किंवा कंबर धरून त्याला मध्यरेषेपर्यंत पोहोचू न देणे हे बचावाचे कौशल्य होय. कोपऱ्यातील बचावपटूची घोट्याची पकड टाळ्या मिळवते. फुटबॉलमध्ये मात्र हाताने धरणे आणि घोट्यावर आघात करणे हे दोन्ही नियमभंग आहेत. कबड्डीत वजनाची कमाल मर्यादा असते. फुटबॉलमध्ये अशी कोणतीही मर्यादा नाही. त्यामुळे ५५ किलोंचा आघाडीपटू आणि ९० किलोंचा बचावपटू एकाच चेंडूसाठी भिडू शकतात.

तथापि कबड्डीतही बळाला मोकळे रान नाही. चढाईपटूचे तोंड किंवा गळा दाबणे, केस व कपडे ओढणे आणि पायांची कैची घालणे यांस मनाई आहे. त्यासाठी हिरवे, पिवळे व लाल अशा तीन कार्डांची व्यवस्था आहे. ज्या खेळात धरपकड पूर्णतः वैध आहे, त्या खेळालाही दांडगाईविरुद्ध नियम करावे लागले, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

दुखापती आणि त्यांचे परिणाम

दांडग्या खेळाच्या वर्णनात धडक देणाऱ्याचे नाव राहते. धडक सोसणाऱ्याचे पुढे काय झाले, हे अनेकदा विसरले जाते. नेदरलँड्सचा असाधारण आघाडीपटू मार्को व्हॅन बास्टेन याला घोट्याच्या वारंवार झालेल्या दुखापतींमुळे १९९५ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, निवृत्ती जाहीर करावी लागली. प्रत्यक्षात तो त्यापूर्वी दोन वर्षे खेळूच शकला नव्हता. पाठीमागून होणाऱ्या टॅकलविषयी नियम कडक होण्यास अशा खेळाडूंचे अनुभव कारणीभूत ठरले.

५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपो क्लबचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर गोल करताना प्रतिपक्षाच्या गोलरक्षकाशी टक्कर होऊन कोसळला व मरण पावला. वैद्यकीय तपासणीत मृत्यूचे कारण हृदयक्रिया बंद पडणे हे आढळले. या घटनेनंतर टकरीची वैधता आणि त्याहीपेक्षा मैदानावरील तातडीच्या वैद्यकीय मदतीचा अभाव यांविषयी देशभर चर्चा झाली.

जखमी अवस्थेत खेळत राहणे हेदेखील पूर्वी दणकटपणाचे लक्षण मानले जाई. मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमन १९५६ च्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात मानेचे हाड मोडलेल्या अवस्थेत अखेरपर्यंत खेळला. इजेचे खरे स्वरूप नंतरच्या तपासणीत कळले. इंग्लंडचा टेरी बुचर १९८९ मध्ये स्वीडनविरुद्ध रक्ताने माखलेली पट्टी डोक्याला बांधून खेळला. आजच्या वैद्यकशास्त्रानुसार डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला तत्काळ बाहेर काढणे आवश्यक मानले जाते. मेंदूला धक्का बसल्याची शंका असल्यास जास्तीचा बदली खेळाडू देण्याचा प्रयोग २०२१ पासून सुरू झाला. शालेय स्पर्धांत तर हा नियम अधिक कसोशीने पाळला जाणे इष्ट असते. चक्कर, उलटी, डोळ्यांसमोर अंधारी किंवा स्मरणात गोंधळ यांपैकी काहीही जाणवल्यास त्या दिवशी पुन्हा मैदानात न उतरवणे आणि वैद्यकीय तपासणी करून घेणे हा सर्वमान्य दंडक आहे.

मूल्यमापन

दांडग्या खेळाडूंविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार शारीरिक कस हा फुटबॉलचा अविभाज्य घटक आहे आणि अतिकडक नियमांनी खेळ निःसत्त्व होतो. दुसऱ्या मतानुसार कुशल खेळाडूला संरक्षण मिळाले नाही तर प्रेक्षक ज्यासाठी येतात तो खेळच उरत नाही. नियमांचा प्रवास दुसऱ्या मताच्या दिशेने झाला असला तरी खांद्याची धडक, हवेतील झुंज आणि चुरशीचे टॅकल अद्याप वैध आहेत. गोष्ठ पाल, जर्नेलसिंग आणि जॉन चार्ल्स यांची थोरवी त्यांनी किती जणांना जखमी केले यावर ठरलेली नाही. त्यांच्या समोरून चेंडू पुढे नेणे कठीण होते आणि सामना संपल्यावर प्रतिस्पर्धी आपल्या पायांनी घरी जात असे. दणकटपणा आणि दांडगाई यांतील फरक ओळखण्यास ही कसोटी पुरेशी आहे.